नैरोबीच्या उताऱ्यावर डिस्ट्रिब्युटरचं नाव

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचा कडबाकुट्टी यंत्रांचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, यंत्राचं नावही त्यांनीच ठेवलं आणि 2009 साली स्वतःच्या नावानं भारतात त्याचा ट्रेडमार्क घेतला. वडील आता नाहीत. कारखाना प्रायव्हेट लिमिटेड झाला आहे. गेली 4 वर्षं केनियात माल जातोय, आतापर्यंत 11 कंटेनर गेले. नैरोबीचे आमचे डिस्ट्रिब्युटर घरच्यासारखे आहेत, माझ्या मुलीच्या लग्नाला आले होते. मागच्या आठवड्यात तिथल्या एका ओळखीच्या माणसानं तिथल्या ट्रेडमार्क जर्नलच्या पानाचा फोटो पाठवला. नाव आमचं, लोगो आमचा आणि अर्जदार म्हणून डिस्ट्रिब्युटर! फोन केला तर म्हणाले, 'नकली मालवाल्यांपासून तुमचंच नाव वाचवायला केलं.' खरं मानावं का? भांडावं तर धंदा जातो. शिवाय पुढच्या वर्षी युगांडा, टांझानिया आणि जमलं तर नायजेरियात उतरायचंय. फोटो सोबत जोडले आहेत.
एक कारखानदार, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या पहिल्या फोटोत लोगो स्पष्ट आहे, अर्जदाराचं नाव स्पष्ट आहे. फक्त वरच्या कोपऱ्यात, जिथे अंकाची तारीख असते तिथे, फोटो काढणाऱ्याचा अंगठा आला आहे. मला सगळ्यात आधी ती अंगठ्याखालची तारीख हवी आहे. पुढचं वाचायच्या आधी नैरोबीला फोन करून ती विचारून घ्या.

केनियात ट्रेडमार्कचा अर्ज तपासून मान्य झाला की तो जर्नलमध्ये छापतात आणि तिथून 60 दिवस कुणालाही हरकत घेता येते. आपल्याकडे तलाठी फेरफाराची नोटीस काढतो आणि 15 दिवस हरकतीची वाट पाहतो, तसंच हे. आधीच हरकत नोंदवणं आणि फेरफार मंजूर झाल्यावर अपिलात खेटे घालणं, यातला फरक कोल्हापूरच्या माणसाला मी वेगळा सांगायला नको. जर्नलचा अंक महिन्यापूर्वीचा असेल तर निम्मी मुदत गेली. परदेशी अर्जदाराला तिथला स्थानिक वकीलच नेमावा लागतो, त्याला मुखत्यारपत्र पाठवावं लागतं, आणि तो आधी तुमची कागदपत्रं बघून मगच हालचाल करतो. म्हणजे हातात उरलेले दिवस दिसतात त्याहून कमी आहेत.

ही घाई मी का करतेय तेही सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका पंपवाल्यांच्या निर्यातीची कागदपत्रं पाहायचे. त्यांच्याही आफ्रिकेतल्या डिस्ट्रिब्युटरनं असाच अर्ज केला होता. दिवाळी तोंडावर होती. मालक म्हणाले, 'सणानंतर समक्ष भेटून मिटवू, माणूस आपला आहे.' मीही मान डोलावली. भेट झाली, जेवण झालं, आश्वासनंही मिळाली, आणि परत आल्यावर कळलं की हरकतीची मुदत त्या जेवणाच्या आठवडाभर आधीच संपली होती. पुढे ते नाव सोडवायला जे पैसे आणि जी वर्षं गेली, त्यात दुसरा ब्रँड उभा राहिला असता. त्या मान डोलावण्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमचा खरा प्रश्न : त्यांचं म्हणणं खरं मानावं का? खरं असू शकतं. नैरोबीत किरिन्यागा रोडवर, कंपालात, दार-एस-सलामच्या कारियाकूत सुट्या भागांच्या दुकानांतून नकली माल सर्रास विकला जातो, आणि तिथल्या दुकानदाराला त्याचा त्रास आपल्यापेक्षा आधी होतो. काही डिस्ट्रिब्युटर खरोखरच मालाच्या काळजीनं अर्ज करतात. पण त्यांच्या मनात काय आहे हे शोधत बसायची तुम्हाला गरज नाही. एक साधी कसोटी आहे. त्यांना सांगा, 'तुम्ही काळजी घेतलीत, आभारी आहे. अर्जाचा खर्च मी देतो. आता तो अर्ज माझ्या कंपनीच्या नावावर हस्तांतर करून द्या, कागद माझा वकील पाठवतोय.' ज्यानं तुमच्यासाठी केलं तो सही करेल. 'बघू', 'घाई काय', 'आधी 5 वर्षांचा एकाधिकार लिहून द्या' असं ऐकू आलं, तर तेच तुमचं उत्तर समजा.

आणि हे बोलणं सुरू असतानाच हरकतीची तयारीही चालू ठेवायची. मुदत वाढवून मागता येते, पण तो अर्जही मुदतीतच गेला पाहिजे. हरकत नोंदवली म्हणजे संबंध तुटले असं नाही. हस्तांतराच्या कागदावर सही झाली की ती मागे घेता येते. त्यांना आधी सांगून नोंदवा. 'आमच्या कंपनीच्या वकिलांचा आग्रह आहे, मुदत संपतेय, म्हणून नोंदवतोय. तुमची सही आली की त्याच दिवशी काढून घेतो.' मुलीच्या लग्नात जेवलेल्या माणसाशी असं बोलणं जड जाईल, मला कळतं. पण न सांगता केलेली हरकत जास्त लागते.

कायदा कुणाच्या बाजूनं आहे? बराचसा तुमच्या. केनियाचा ट्रेडमार्क कायदा इंग्रजी वळणाचा आहे. तिथे नोंदणीला मोल आहेच, पण वहिवाटीलाही आहे. 4 वर्षं त्या नावाचं यंत्र बाजारात आहे आणि घेणारा शेतकरी ते कोल्हापूरच्या कारखान्याचं म्हणून घेतो, हे दाखवता आलं तर तुमची बाजू भक्कम. शिवाय 1883 च्या पॅरिस कराराचं '6 सेप्टीस' हे कलम नेमकं याच भानगडीसाठी आहे. एजंटानं मालकाच्या परवानगीशिवाय मालकाचं चिन्ह स्वतःच्या नावावर नोंदवायला घातलं, तर मालक हरकत घेऊ शकतो, नोंदणी रद्द मागू शकतो, आणि त्या देशाचा कायदा देत असेल तर ती स्वतःच्या नावे करून मागू शकतो. भारत आणि केनिया दोघेही त्या करारात आहेत, आणि केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेनुसार मान्य केलेले आंतरराष्ट्रीय करार हा तिथल्या कायद्याचाच भाग आहे. मात्र या कलमातला 'परवानगीशिवाय' हा शब्द नीट पाहा. 4 वर्षांतल्या ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप चाळा. 'तिकडचं काय ते रजिस्ट्रेशन तुम्हीच बघून घ्या' असं काही तुम्ही किंवा ऑफिसातल्या कुणी लिहिलंय का? असेल तर वकिलाला आधीच सांगा. ते समोरच्याकडून बाहेर येण्यापेक्षा बरं.

पुरावा म्हणून नुसती बिलं काढून थांबू नका. केनियात माल पाठवण्याआधी जी तपासणी होते तिचं प्रमाणपत्र प्रत्येक कंटेनरमागे असेल. त्यावर निर्यातदार म्हणून तुमचं नाव आहे. शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, बँकेत पैसे आल्याची पत्रं, इंग्रजी माहितीपुस्तिका छापल्याचं बिल, वॉरंटी कार्डं. आणि डिस्ट्रिब्युटरचीच ती सगळी पत्रं, ज्यात त्यांनी 'युवर ब्रँड', 'युवर मशीन' असं लिहिलंय. अशा एका ओळीचं वजन कधीकधी 10 शपथपत्रांहून जास्त भरतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती मात्र दुसऱ्याच गोष्टीची. भारतातला ट्रेडमार्क वडिलांच्या नावावर आहे आणि माल पाठवते कंपनी. म्हणजे आजच्या घडीला कागदावर त्या नावाची मालक तुमची कंपनी नाहीच. समोरच्या वकिलानं भारताचं रजिस्टर उघडलं की पहिलं बोट इथेच ठेवणार. वारसाहक्कानं ते नाव वारसांकडे, आणि वारसांकडून कंपनीकडे, असा रीतसर प्रवास कागदावर करून घ्या. भारतीय रजिस्ट्रीत त्यासाठी टीएम-पी हा फॉर्म आहे. भाऊ-बहिणींच्या सह्या लागतील. घरात सगळं आलबेल आहे तोवरच त्या घेऊन टाका. आणि 2009 च्या अर्जाची मुदत 10 वर्षांची होती. 2019 ला नूतनीकरण झालं होतं ना, हे आजच तपासा. वडिलांच्या आजारपणात अशा तारखा हमखास निसटतात.

एक धोका तुमच्या ध्यानात आलेला दिसत नाही. केनियात 2008 पासून नकली मालाविरुद्ध वेगळा कायदा आहे आणि अँटी-काउंटरफीट अथॉरिटी नावाची यंत्रणा आहे. आयात होणाऱ्या मालावरचे ट्रेडमार्क तिच्याकडे नोंदवणं 2023 च्या जानेवारीपासून सक्तीचं असल्याचं त्या यंत्रणेनं जाहीर केलं. ही सोय मालकासाठी फार चांगली आहे. पण मालक म्हणून तिथे डिस्ट्रिब्युटरचं नाव लागलं, तर उद्या तुम्ही दुसऱ्या कुणाला माल पाठवलात की मोंबासा बंदरात तुमचाच कंटेनर 'नकली' म्हणून अडवायची तक्रार ते करू शकतात. यंत्र शिरोलीत ओतलेलं, नाव वडिलांनी ठेवलेलं, आणि ते अस्सल आहे हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. म्हणून 'नाव कुणाच्याही नावावर असलं तरी माल माझाच जाणार' या भरवशावर राहू नका.

काही जण म्हणतील, आपलं नाव इतकं जुनं, इतकं प्रसिद्ध, कोर्ट आपलंच ऐकेल. प्रसिद्धीवर भिस्त ठेवणाऱ्यांचं काय होतं पाहा. मॅकडोनाल्ड्सनं दक्षिण आफ्रिकेत 1968 पासून आपली चिन्हं नोंदवून ठेवली होती, पण दुकान उघडलं नव्हतं. वापर नाही म्हणून ती नोंदणी रद्द करा आणि तेच नाव आम्हाला द्या, असा दावा 1990 च्या दशकात स्थानिक व्यावसायिकांनी लावला आणि 1995 ला खालच्या कोर्टात मॅकडोनाल्ड्स हरली. 1996 मध्ये अपिलात जिंकली, तीही लोकांना हे नाव ठाऊक आहे हे दाखवणाऱ्या पाहण्या पुढे ठेवून. जगातली सगळ्यात ओळखीची खानावळ असून ही गत. आपल्या बासमतीचंही तेच. 'बासमती' शब्द असलेल्या एका कंपनीच्या ब्रँडना शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या आपल्या अपेडा या सरकारी संस्थेनं केनियात विरोध केला, पण तिथे भौगोलिक मानांकनाचा स्वतंत्र कायदाच नसल्यानं तो टिकला नाही. भारतातलं नाव कितीही मोठं असो, ते आपणहून समुद्र ओलांडत नाही.

आता युगांडा, टांझानिया, नायजेरिया. इथे तुम्हाला कुणीतरी लगेच माद्रिद पद्धत सुचवेल. एकाच अर्जात अनेक देश, भारतातूनच भरायचा. भारत 2013 पासून त्यात आहे. आपल्या रजिस्ट्रीची हाताळणी फी 5000 रुपये, शिवाय ही पद्धत चालवणाऱ्या जिनिव्हाच्या कार्यालयाची मूळ फी 653 स्विस फ्रँक आणि देशागणिक वेगळी रक्कम. पद्धत चांगली आहे, केनिया, रवांडा, घाना त्यात आहेत. पण तुम्हाला जिथे जायचंय ते तिन्ही देश त्यात नाहीत, दक्षिण आफ्रिकाही नाही. शिवाय माद्रिदचा अर्ज भारतातल्या नोंदणीवर उभा असतो. पहिल्या 5 वर्षांत भारतातली नोंदणी पडली तर परदेशातलं सगळं धोक्यात येतं, आणि अर्जदार भारतातल्या नोंदणीचा मालकच असावा लागतो. वडिलांच्या नावाचा प्रश्न इथेही आडवा येणार.

दुसरा मार्ग आरिपोचा. ही काही आफ्रिकी देशांची मिळून बौद्धिक संपदेची संस्था आहे, मुख्यालय हरारेत. तिच्या 1993 च्या बांजूल करारातून एका अर्जात हवे ते सदस्य देश निवडता येतात. युगांडा आणि टांझानिया त्या यादीत दिसतात. तरी या दोन देशांसाठी मी थेट तिथेच अर्ज करायला सांगेन, कारण आरिपोमार्फत झालेली नोंदणी तिथल्या कोर्टात कितपत टिकेल याबद्दल तिथले वकीलच साशंक असतात. युगांडाचा अर्ज कंपालात यूआरएसबी या नोंदणी कार्यालयाकडे जातो. टांझानियाच्या बाबतीत लोक हमखास फसतात : दार-एस-सलामच्या ब्रेला या कार्यालयातली नोंदणी फक्त मुख्य भूमीपुरती असते, झांझिबारचं रजिस्टर वेगळं. बेटावर तुमची कडबाकुट्टी किती विकली जाईल हा प्रश्न नाही. त्या बंदरातून माल मुख्य भूमीवर येतो, म्हणून दोन्हीकडे नोंदवा. नायजेरियात अर्ज अबुजाला जातो. मुदती लिहून ठेवा, कारण त्या आपल्यासारख्या सरसकट 10 वर्षांच्या नाहीत. युगांडा आणि टांझानियाच्या मुख्य भूमीवर पहिली 7 वर्षं, मग 10-10. नायजेरियात पहिली 7, मग 14-14.

नायजेरियाचा विषय निघालाच आहे तर मसाले, लोणची किंवा औषधं पाठवणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट. तिथली नॅफडॅक ही अन्न-औषध यंत्रणा उत्पादनाची नोंद करताना ट्रेडमार्कचा पुरावा मागते. एजंट म्हणतो, 'लवकर काम होईल, माझ्याच नावानं टाकू.' तिथे ठाम नाही म्हणा.

पश्चिमेकडे सेनेगल, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून अशा फ्रेंच वळणाच्या बाजारात कधी गेलात तर तिथलं गणित वेगळं आहे. 17 देशांची ओआपी ही एकच संस्था, मुख्यालय याउंदे, एका नोंदणीत सतराही देश. तिथे वहिवाटीवर विसंबता येत नाही. आधी अर्ज करेल त्याचा हक्क. म्हणून तिथे नमुन्याचं एक यंत्र पाठवण्याआधी अर्ज गेलेला असावा.

अर्जात मालाचा वर्ग नीट टाका. मोटरवर चालणारी कडबाकुट्टी आणि तिची पाती सातव्या वर्गात; हातानं वापरायचे कोयते-विळे विकणार असाल तर ते आठव्यात. देवनागरी लोगोबरोबर रोमन अक्षरांतलं साधं नावही वेगळं नोंदवा. नैरोबीचा दुकानदार देवनागरी वाचत नाही, तो नाव उच्चारानं ओळखतो, आणि नक्कल करणाराही उच्चाराचीच नक्कल करतो.

डिस्ट्रिब्युटरशी नवा करार करा, याच माणसाशी केलात तरी. नाव, लोगो, रंगसंगती कंपनीची. त्यांना फक्त वापरायची परवानगी. करार संपला की दुकानावरची पाटी उतरवायची, उरलेला माल ठरलेल्या दरानं परत द्यायचा, आणि त्या नावाशी मिळतंजुळतं काहीही कुठेही नोंदवायचं नाही. हे शेवटचं कलम 'आफ्रिकेतल्या कोणत्याही देशात' असं लिहून घ्या. नुसतं 'केनियात' लिहिलंत तर पुढचा अर्ज कंपालात झालेला दिसेल. आणि कराराचा भंग झाल्यास वाद कुठे चालवायचा, हेही त्यातच ठरवून टाका.

तुमचा दुसरा फोटो मी बराच वेळ पाहत होते. नैरोबीच्या गोदामातलं यंत्र. फ्लायव्हीलवर तुमचं नाव ओतकामातच उठलेलं आहे, रंगाखालूनही वाचता येतं. पण हॉपरवरची नेमप्लेट मात्र नवी दिसते : 4 रिव्हेटांनी ठोकलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर तुमचा लोगो आणि खाली 'कोल्हापूर' असायला हवं तिथे डिस्ट्रिब्युटरचा पत्ता. बाजूला जुन्या रिव्हेटांची 2 भोकं अजून तशीच आहेत. ही पट्टी कधी बसली, किती यंत्रांवर बसली, हे विचारा. गेल्या वर्षभरात झालं असेल तर अर्जामागे नुसती काळजी नव्हती, असं मला वाटतं. त्या यंत्राचे जवळून आणखी फोटो मागवा : फ्लायव्हील, भोकं, पट्टी, क्रमांक. हरकतीसोबत ते जोडायचे.

आणि इथून पुढे जाणाऱ्या मालावर 'कोल्हापूर, इंडिया' हे शब्दही पॅटर्नमध्येच घाला, म्हणजे ते ओतकामात येतील. पट्टी काढता येते. बिडाचं अक्षर घासायला ग्राइंडर लागतो आणि घासल्याची खूण राहते. नवीन मॉडेल काढणार असाल तर त्याच्या आकाराची डिझाइन नोंदणी ते प्रदर्शनात मांडायच्या आधी करा. जुन्या मॉडेलसाठी ती वेळ गेली, कारण नोंदणीला आकार नवा असावा लागतो आणि तुमचं यंत्र 4 वर्षं सगळ्यांसमोर आहे.

तारीख कळली की मला कळवा. 60 दिवसांतले 20 पेक्षा कमी उरले असतील तर डिस्ट्रिब्युटरला फोन नंतर करा, आधी नैरोबीच्या वकिलाला मुखत्यारपत्र पाठवा. भावाबहिणींच्या सह्यांसाठी येत्या रविवारी सगळ्यांना घरी बोलवा.